ओवाळणीत आलेलं ताण मोजणारं घड्याळ: आठ महिने वापरून

गेल्या भाऊबीजेला माझ्या धाकट्या भावाने ताटात पाकिटाऐवजी एक चौकोनी खोका ठेवला. उघडला तर घड्याळ. काळं, गोल, पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकणारं. भाऊ पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो, तिथे म्हणे सगळ्यांच्या हातात असलं काहीतरी असतंच. "ताई, तू सारखी टेन्शनमध्ये असतेस. हे ताण मोजतं," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, मग मोजायचं कशाला? तूच तर सांगितलंस आत्ता." ओवाळून झालं, बासुंदी झाली आणि रात्री त्याने माझ्या फोनवर ॲप टाकून दिलं. त्याला आता आठ महिने झाले.

कंपनीचं नाव लिहीत नाही. असली घड्याळं डझनभर कंपन्या काढतात, पाठीमागे तोच हिरवा दिवा असतो, आणि माझं जे काही म्हणणं आहे ते एका कंपनीबद्दल नाही. किंमत भावाने सांगितली नाही. मी शोधून काढली, साडेनऊ हजार. बहिणीला एवढं महाग काही दिलं की भाऊ किंमत लपवतात आणि बहिणी शोधतात.

वस्तू कोणाच्या हातात आहे हे कळल्याशिवाय अभिप्रायाला अर्थ नाही, म्हणून माझ्याबद्दल थोडं. वय ४६. सांगलीत गावभागात राहते, विश्रामबागला एका सहकारी बँकेच्या शाखेत अधिकारी आहे. घरी नवरा, ते हायस्कूलला गणित शिकवतात, सासूबाई आणि यंदा बारावी दिलेला मुलगा. बारावीची परीक्षा आणि मार्च एंडिंग एकाच वेळी आणण्याची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला एकदा भेटायचं आहे.

आधी साध्या गोष्टी उरकते. बॅटरी सात दिवस चालते असं खोक्यावर आहे. ताण चोवीस तास मोजायला लावला तर पाचव्या दिवशी संध्याकाळी मान टाकते. चार्जर त्याचा त्यालाच लागतो, दुसरा चालत नाही. सोबत आलेला रबरी पट्टा मे महिन्यात चावला. मनगटावर लाल चट्टा उठला तेव्हा कापडी पट्टा वेगळा घेतला. पाण्याचं भय नाही, भांडी घासा, कणीक मळा. पण बांगड्या! माझ्या डाव्या हातात चार काचेच्या आणि एक पाटली असते. त्या घड्याळावर आपटतात, घड्याळ सरकतं, सरकलं की आकडा चुकतो. शेवटी बांगड्या उजव्या हातात गेल्या. सासूबाईंनी दोन दिवस काही न बोलता बघितलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, "आता मंगळसूत्र कुठं घालायचं म्हणतंय ते?" फोनवर आलेले मराठी निरोप घड्याळावर दिसतात, पण जोडाक्षरांची हाडं मोडून. "लक्ष्मी" तर मला ओळखताच आली नाही.

आता मुख्य गोष्ट. हे ताण मोजतं म्हणजे नक्की काय मोजतं?

मला वाटायचं, नाडी जोरात पळाली की ताण. तसं नाही. यजमानांनी दोन रात्री बसून वाचलं आणि मला फळ्याशिवाय शिकवलं. हिरवा प्रकाश कातडीखाली जातो, रक्त तो शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त जास्त येतं, प्रकाश कमी परत येतो. यावरून घड्याळाला प्रत्येक ठोका कळतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर कळतं. मिनिटाला ७० ठोके असले तर दोन ठोक्यांत सरासरी ८५७ मिलिसेकंद. पण माणूस निवांत असेल तर ती सरासरी नुसती कागदावर राहते. एक अंतर ८२०, पुढचं ९००, त्यापुढचं ८६५. श्वास घेताना हृदय जरा पळतं, सोडताना रेंगाळतं. आणि ताणात? ताणात ठोके एकसारखे पडायला लागतात, कवायतीसारखे. म्हणजे हृदय घड्याळासारखं नेमाने चालायला लागलं की घड्याळ म्हणतं, बाई, तुमचं काही खरं नाही. हे मला फार आवडलं. या साडेनऊ हजारांतलं मला सगळ्यात आवडलेलं हेच, आणि ते खरं तर फुकट कळण्यासारखं होतं.

या अंतरांच्या चढउतारावरून ते ० ते १०० मधला एक आकडा काढतं. कमी असला की तबकडीभोवती निळं कडं, मध्ये पिवळं, ७५ च्या वर गेला की नारिंगी.

पहिल्या पंधरा दिवसांत मी शास्त्रज्ञ झाले होते. चहा प्यायल्यावर किती, बँकेचा जिना चढल्यावर किती, साहेबांचा फोन आल्यावर किती. चहाने आणि जिन्याने आकडा चढतो, त्यात ताण कसला? अंगात कणकण होती त्या दिवशी सकाळपासून ८० होतं आणि मी गादीवर पडून छताकडे बघत होते. उलट नणंदेच्या मुलीच्या हळदीला आम्ही बायका नाचलो, पोट दुखेपर्यंत हसलो, तेव्हा हातावर नारिंगी कडं आणि "तुम्ही तणावात दिसता" अशी सूचना. घड्याळाला आनंद कळत नाही. त्याला फक्त एवढं कळतं की आत काहीतरी चाललंय. सासूबाईंनी हौसेने एक संध्याकाळ बांधलं. जेवताना ३१, रात्री मालिकेत सुनेने दागिने चोरल्याचा आळ आला तेव्हा ८४. ७४ वर्षांच्या बाईला आपण दवाखान्यात न्यावं की रिमोट लपवावा, यावर घरात चर्चा झाली.

बँकेतला एक प्रसंग सांगते. डिसेंबरमध्ये व्हॉट्सॲपवर कुठलीतरी अफवा फिरली, सहकारी बँकांवर म्हणे काहीतरी येणार. २०१९ मध्ये मुंबईतल्या एका बँकेवर निर्बंध आले तेव्हापासून लोकांच्या पोटात तो गोळा कायमचा बसलाय. दुसऱ्या दिवशी काउंटरवर गर्दी. एक निवृत्त गुरुजी ठेवपावत्यांची चळत घेऊन आले आणि आवाज चढवूनच बोलायला लागले. मी सांगत होते, काका, २०२० च्या फेब्रुवारीपासून पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, पूर्वीसारखा एक लाखाचा नाही. ते ऐकत नव्हते. मीही मग आवाज चढवला. एवढ्यात मनगट थरथरलं. मोठ्या अक्षरात सूचना, तुम्ही तणावात दिसता, एक मिनिट श्वासाचा व्यायाम करायचा का? आणि खाली एक निळा फुगा फुगायला आणि आकसायला लागला. गुरुजींनी चष्मा वर करून बघितलं. "हे काय आहे?" मी सांगितलं. ते दोन सेकंद गप्प बसले आणि म्हणाले, "आमच्यासाठी मिळतं का हो असलं?" मागच्या रांगेत हशा झाला. आमचा शिपाई म्हणाला, "मॅडम, तोवर चा सांगू का काकांना?" पावत्या परत पिशवीत गेल्या. त्या एका प्रसंगासाठी मी या घड्याळाला अर्धा तारा जास्त देते.

पण त्या दिवशी मी चढवलेला आवाज मला घरी आल्यावरही ऐकू येत होता.

इथून पुढे हे परीक्षण घड्याळाचं कमी आणि माझं जास्त आहे. ज्यांना फक्त बॅटरी आणि पट्टा बघायचा होता त्यांनी थेट शेवटाकडे जावं.

ताण म्हटला की आपल्यासमोर रडकं, हातपाय गळालेलं माणूस येतं. माझ्याकडे बघून कोणाला ते वाटलं नसतं. माझ्याकडे बघून लोक म्हणायचे, मॅडम फार काटेकोर. मी व्हाउचर तीनदा तपासते. लॉकर बंद केल्यावर दांडा ओढून बघते, मग परत जाऊन ओढून बघते. जानेवारीपासून वसुलीच्या याद्या घरी आणते, हप्ता थकून नव्वद दिवस उलटायला आलेली खाती पेन्सिलीने खुणावते. याचं ऑफिसात कौतुक होतं, वार्षिक अहवालात चांगला शेरा मिळतो. तोच गुण घरी नेला की त्याला कटकट म्हणतात. राजवाडा चौकापर्यंत पोचून रिक्षा परत फिरवलेली आहे, कुलूप लागलं का बघायला. गॅसची खुंटी झोपण्याआधी तीनदा. मुलाला यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी पहिल्या मिनिटाला वैतागते, पाचव्या मिनिटाला मला ॲम्ब्युलन्स दिसते, आणि तो दारात आला की सुटकेचा नि:श्वास न टाकता मी त्याच्यावर खेकसते. भीतीचा राग कधी होतो ते माझं मलाच कळत नाही. दारात उभ्या पोराला तर फक्त राग दिसतो.

आणि हे सगळं मी "माझा स्वभावच तसा" या एका वाक्यात बसवलं होतं. माझी आईही तशीच होती, आत्याही. आमच्याकडे बायकांचा स्वभाव तसा असतो. पण खरं बघायला गेलं तर कॉलेजात मी अशी नव्हते. मी परीक्षेच्या आदल्या रात्री झोपणारी मुलगी होते. मैत्रिणी अजून सांगतात.

बदल कधी झाला ते मला साधारण माहीत आहे. ऑगस्ट २०१९. सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: आमच्या गावाला एक आकडा आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. पावसाळ्यात इथे दोन माणसं भेटली की "काय म्हणताय" च्या आधी "किती झालं?" विचारतात. कोयनेतून किती सोडलं, वारणेला किती, अलमट्टीत किती, हे आमच्या भाजीवाल्या मावशींनाही तोंडपाठ. २०१९ ला ते पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात छातीपर्यंत आलं. आम्ही सगळे नणंदेकडे होतो, जिवाला काही झालं नाही. कपाटं गेली, लग्नातले अल्बम गेले, यजमानांच्या पुस्तकांचा लगदा झाला. २०२१ च्या जुलैत पुन्हा. तेव्हापासून जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडला की गावभागातल्या बायका पावसाकडे बघत भजी तळत नाहीत. खालच्या कप्प्यातल्या वस्तू वर जातात.

तर ज्या बाईला आठ-आठ दिवस तासातासाला एक आकडा बघायची सवय लागलेली आहे, तिच्या मनगटावर भावाने प्रेमाने दुसरा आकडा बांधला.

डिसेंबर संपेपर्यंत मी दिवसात चाळीसेक वेळा बघत असेन. आकडा ६५ दिसला की वाटायचं, का बरं ६५? मग ७०. मग ७० का झाला म्हणून ७८. रात्री झोपेचेही गुण मिळतात, शंभरपैकी. मी पहाटे तीनला जागी व्हायचे आणि पहिला विचार यायचा, आज झोपेचे गुण गेले. मग उरलेली रात्र गुण वाचवण्यासाठी झोपायचा प्रयत्न. झोपेचे आकडे बघून झोप उडणारे लोक अमेरिकेतल्या डॉक्टरांकडे इतके यायला लागले, की २०१७ मध्ये एका शोधनिबंधात या प्रकाराला ऑर्थोसोम्निया असं नावही देऊन झालंय. नाव ऐकून मला बरं वाटलं. आपल्या खुळाला नाव आहे म्हणजे आपण एकटे नाही.

जानेवारीत मुलाची पूर्वपरीक्षा झाली. फिजिक्सचा पेपर मिळाला का, मी विचारत होते, तो "अजून नाही" म्हणत होता. एका रविवारी त्याच्या सॅकमध्ये डबा शोधताना पेपर सापडला. ७० पैकी ३१. तारीख नऊ दिवसांपूर्वीची. मी काय बोलले ते लिहीत नाही. तो मान खाली घालून उभा होता. शेवटी म्हणाला, "सांगणारच होतो गं. रोज येऊन बघत होतो तुझ्या हाताकडे. रोज नारिंगीच होतं."

नऊ दिवस पोरगं निळ्या कड्याची वाट बघत होतं.

नंतर कळलं की ही युक्ती त्याची एकट्याची नव्हती. यजमानही बघायचे. हे गणिताचे मास्तर, घरखर्चाचं काही बोलायचं असलं की आधी चहा आणून द्यायचे आणि कप ठेवता ठेवता मनगटावर नजर टाकायचे. घरात सगळ्यांनी माझा आयर्विन पूल करून ठेवला होता. पाणी किती आहे बघा आणि मगच बाहेर पडा.

त्या क्षणी आकडा किती होता ते मी बघितलं नाही. घड्याळ आल्यापासून मी न बघितलेला तो पहिलाच असावा.

त्या रात्री तीनला उठले आणि १४४१६ ला फोन लावला. टेलि-मानस, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, फुकट आणि चोवीस तास. एका पोस्टरवरून नंबर लिहून ठेवला होता, दुसऱ्या कोणाला तरी लागेल म्हणून. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या. मी पाच मिनिटं फिजिक्सबद्दलच बोलत होते. त्यांनी मध्येच विचारलं, "ताई, तुमचं स्वतःचं जेवण वेळेवर होतं का?" आणि मी रडायला लागले. वीस मिनिटांनी त्यांनी एवढंच सुचवलं की आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, थायरॉइड वगैरे बघून घ्या, मग समुपदेशन.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन जरा कमी. पाळी अनियमित झाली आहे का विचारलं. झाली होती, आणि या वयात त्याचाही धडधडीशी आणि झोपेशी संबंध असू शकतो हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी सात प्रश्नांचा एक कागद पुढे केला. गेल्या दोन आठवड्यांत हे हे किती वेळा झालं, प्रत्येकाला ० ते ३ गुण, जास्तीत जास्त २१. हा चिंता मोजणारा जीएडी-७ नावाचा कागद २००६ पासून जगभर वापरतात. अस्वस्थ वाटतं का, काळजी थांबवता येत नाही का, निवांत बसता येत नाही का, हे सगळं अपेक्षितच. सहावा प्रश्न वाचला आणि पेन थांबलं. चटकन चिडचिड होते का? म्हणजे हा माझा स्वभाव नव्हता. हा सात प्रश्नांतला सहावा प्रश्न होता. तीन गुण दिले. एकूण १३, म्हणजे मध्यम. घड्याळाने तीन महिन्यांत हजारो आकडे दिले, त्यातला एकही मला या १३ एवढा कळला नाही. डॉक्टर म्हणाले, नुसत्या कागदावरून निदान होत नाही, पण कोणाशी तरी बोला.

मिरजेला एका समुपदेशक बाईंकडे गेले. मिरज आमच्यापासून तासाच्या आत, आणि दवाखान्यांसाठी सगळ्या मुलखात नावाजलेली, त्यामुळे "मिरजेला जाऊन येते" म्हटलं की कोणी चौकशी करत नाही. मी पहिल्या दोन वेळा सासूबाईंना गुडघ्याचं कारण सांगितलं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "गुडघा राहू दे. तुला बरं वाटतंय का तिथं जाऊन? मग जा."

समुपदेशक बाई मूळच्या इथल्याच, पुराच्या. म्हणजे त्यांचंही घर बुडालेलं. त्यांनी माझं ऐकलं आणि विचारलं, पुलावरचा आकडा बघून तुम्ही काय करता? मी म्हटलं, ३५ झालं की गॅस सिलिंडर वर नेतो, ३८ ला कागदपत्रं, गाद्या, ४० झालं की सासूबाईंना नणंदेकडे. त्यांनी विचारलं, आणि हातावरचा आकडा ७८ झाला की काय करता? मी विचार केला. काहीच नाही. परत बघते.

मग त्या म्हणाल्या, तुमच्या शरीरातही एक इशारा पातळी आहे. ती असायलाच हवी, ती नसलेला माणूस पुरात गाडी घालतो. फक्त तुमची २० फुटांवर लागलेली आहे. नदीला साधं पाणी असतं तेव्हाही भोंगा वाजतो. इतका वाजतो की घरातल्यांना वाटतं, हिचा आवाजच असा आहे.

सहा वेळा गेले. जादू काही झाली नाही. गृहपाठ होता. घड्याळ दिवसातून एकदाच बघायचं, रात्री जेवणानंतर. ताणाच्या सूचना बंद. गॅस एकदाच बघायचा, आणि दुसऱ्यांदा जावंसं वाटलं की खाटेवर बसून ती तगमग आपोआप ओसरेपर्यंत थांबायचं. पहिल्या रात्री चाळीस मिनिटं लागली. आता लागली तर तीन-चार. काळजी करायला संध्याकाळी साडेसहाची वीस मिनिटं ठरवून दिली. दिवसभर जी काळजी येईल तिला सांगायचं, साडेसहाला ये. वहीत डावीकडे जिच्याबद्दल काही करता येईल अशी, उजवीकडे बाकीची. डावीकडच्या काळजीपुढे काम लिहायचं. उजवीकडच्या काळजीपुढे काही नाही. गंमत म्हणजे साडेसहा वाजेपर्यंत निम्म्या काळज्या येतच नाहीत, उधारीवाल्यासारख्या तोंड चुकवतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मात्र वीस मिनिटं पुरली नाहीत आणि दोन रात्री मी वहीसकट काउंटरवर होते. ३१ तारखेला एका कर्जदाराशी मी जे बोलले तेही काही शोभणारं नव्हतं. पण ते बोलताना, मी घाबरलेली आहे म्हणून असं बोलते आहे, हे मला कळत होतं. आधी फक्त समोरचा चुकीचा आहे एवढंच कळायचं.

घड्याळातली एक सोय मात्र मी ठेवली. तो निळा फुगा. मिनिटाला साधारण सहा श्वास, सोडताना जरा लांब. असं सावकाश श्वसन केलं की ठोक्यांमधली अंतरं पुन्हा कमी-जास्त व्हायला लागतात, हे खरंच दिसतं, पाच मिनिटांत ताणाचा आकडा ७० चा ५० होतो. अर्थात यासाठी फुगा हवाच असं नाही. सासूबाई जपमाळ घेऊन बसतात तेव्हा त्यांचंही बहुधा तेच होत असणार, आणि माळेला चार्जर लागत नाही.

तर हिशेब, बँकवाली आहे म्हणून. घड्याळ ९,५००. कापडी पट्टा ४५०. समुपदेशन सहा वेळा, ७०० प्रमाणे ४,२००. मिरजेची एसटी किरकोळ. १४४१६ शून्य. घरच्यांनी मला जे सांगितलं त्याचाही खर्च शून्य, पण ते मी विचारलं नव्हतं, एवढीच त्यात खोट.

पाचपैकी तीन तारे देते. बांधणी चांगली, पाणी चालतं, नाडी बरोबर दाखवतं, पावलं मोजतं, कणीक मळतानाही पावलं मोजतं हे सोडून द्या. ज्यांना व्यायामाची नोंद ठेवायची आहे त्यांनी खुशाल घ्यावं. ज्यांची सततच्या काळजीने झोप गेली आहे त्यांनी आधी डॉक्टर गाठावा, घड्याळ दिवाळीच्या सेलमध्ये घेता येतं. आणि घेतलंच तर पहिल्या दिवशी ताणाच्या सूचना बंद करा आणि तबकडीवरचं ते रंगीत कडं काढून साधे काटे लावा. ही सोय सेटिंगमध्ये आत कुठेतरी पुरून ठेवली आहे, मला सापडायला एप्रिल उजाडला. बारीक अक्षरातलं एक वाक्यही वाचा, हे वैद्यकीय उपकरण नाही. ते वाक्य खोक्याच्या तळाशी आहे, खोका टाकायच्या आधी दिसलं तर.

भावाला मी हे सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला, म्हणाला, ताई, परत करायची मुदत गेली गं. मी म्हटलं, परत कशाला करू, वेळ बरोबर दाखवतं.

मुलगा निघाला बारावीतून, फिजिक्सला ५२ आले. आता इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या चालू आहेत. बाहेर पाऊस लागलाय, काल कोणीतरी "किती झालं?" विचारलंच. परवा रात्री त्याला हॉस्टेलच्या फीबद्दल बोलायचं होतं. स्वयंपाकघराच्या दारात आला आणि सवयीने माझ्या हाताकडे बघितलं. घड्याळ चार्जिंगला होतं, मनगटावर नुसता उन्हाने न रापलेला गोरा पट्टा. जरा घुटमळला, मग बोलला. आकडा ऐकून मी ओरडलेच, ते वेगळं.